रंग चाखणारा शिवपुत्र

सोलापुरात तळ्याच्या मागच्या अंगाला चामडेवाल्यांची एक गल्ली होती. ती कुठं आहे हे नवख्या माणसाला कुणाला विचारावं लागत नसे, नाकच घेऊन जाई. बाभळीच्या सालीचे हौद, हिरड्याचं पाणी, भिंतींवर ताणून ठेवलेली शेळ्यामेंढ्यांची कातडी. गल्लीत पाहुणा आला की पहिल्या दिवशी जेवत नसे आणि तिसऱ्या दिवशी दोनदा जेवे. इथं गिरण्यांचे पट्टे करणारे होते, लगाम करणारे होते, चपला तर घरोघर होत. पण म्यान रंगवावं ते शिवपुत्र संगप्पानं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिचं म्यान लालच लागतं. एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या आसपास त्या टापूत जे जे नवरदेव घोड्यावर बसले, त्यांतल्या निम्म्यांच्या हातातलं लाल हे शिवपुत्राचं लाल होतं.

शिवपुत्र चाळिशीचा, उंच, बोलायला गोड आणि कामाला चिवट. त्याची रंग बघण्याची तऱ्हा पाहायला माणसं मुद्दाम येत. तो मडक्यात करंगळी बुडवी, जिभेच्या शेंड्याला लावी, डोळे मिटी, बाजूला थुंके आणि मग निकाल देई. लाखेचा लाल रंग चिंच घालून उकळतात, म्हणून तो आंबट. आंबटाला शिवपुत्र कानडीत हुळी म्हणे. "हुळी कमी हाय, आनखी चिंच लागंल," असं त्यानं म्हटलं की समोरचा माणूस गार. हिरवा रंग डाळिंबाच्या सालीचा आणि निळीचा, तो तुरट. काळ्यासाठी गंजके खिळे महिनाभर गुळाच्या पाण्यात कुजवत, त्याची चव कशी असेल ते न सांगितलेलं बरं. शिवपुत्राचं बघून गल्लीतले बाकीचे कारागीरही रंग चाखायला लागले. का चाखायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण एवढा मोठा कारागीर चाखतो म्हणजे त्यात काही तरी असणारच! संध्याकाळी गल्लीतली निम्मी माणसं काळ्यानिळ्या जिभा घेऊन हिंडत आणि बायका कपाळाला हात लावत.

आता खरं सांगायचं तर शिवपुत्राला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नसे. अजिबात दिसत नसे. पिकली मिरची आणि कच्ची मिरची त्याला सारख्याच मातकट दिसत. सात वर्षांचा असताना त्याच्या बापानं त्याला मामाच्या हाताखाली बसवलं. मामा चनबसप्पा म्हणजे कडक माणूस. "डोळं मीट. आता चाख. सांग कुठला," अशी त्याची शिकवण. पोराला वाटलं, देव पावला! डोळे मिटूनच सांगायचं असेल तर आपल्यासारखा हुशार कोण? त्यानं ती विद्या अशी घोटली की बारा वर्षांचा होईतो मडक्यात चिंच किती शेर पडली हे तो जिभेवर सांगू लागला. आणखी एक गंमत अशी की रंग न कळणाऱ्या त्याच्या डोळ्यांना डाग मात्र चटकन दिसे. कुठं फडकं कमी फिरलं, कुठं तेल जास्त बसलं, हे इतरांना लाललाल बघून कळत नसे, शिवपुत्राला लांबून कळे. त्यामुळं त्याचं काम एकसारखं उतरे आणि नाव होत गेलं.

पण झाकली मूठ कधी उघडेल याची धास्ती त्याला आयुष्यभर होती. आंधळ्या गवंड्याकडून कोण घर बांधून घेईल? रंगाऱ्याला रंग दिसत नाही हे कळलं, की नाव गेलं, गिऱ्हाईक गेलं, आणि वर गल्लीतली पोरं मागं लागतील ती वेगळीच. म्हणून रंगाचं काम तो आतल्या खोलीत दार लावून करी. लोकांना वाटे, घराण्याची विद्या आहे, झाकून ठेवतो. त्या खोलीत जायची मुभा फक्त बायकोला, रुद्राणीला.

रुद्राणीला हे कळलं लग्नाच्या पहिल्याच वर्षी. गड्ड्याच्या जत्रेतून नवऱ्यानं मोठ्या हौसेनं तिला हिरव्या बांगड्या आणल्या, त्या निघाल्या लाल. तिनं त्या मुकाट हातात भरल्या. दुसऱ्या दिवशी तिनं मिरच्यांचं सूप त्याच्यापुढं सरकवलं. "अवं, लाल लाल येवड्या निवडून द्या की." शिवपुत्रानं मन लावून मिरच्या निवडल्या आणि अशा निवडल्या की रुद्राणी पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मग तिला त्याचं तोंड दिसलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

"कुनाला सांगू नगंस," तो म्हणाला.

"सांगाया मला काय याड लागलंय?" ती म्हणाली, आणि तेव्हापासून वीस वर्षं ती त्याचे डोळे झाली. नव्या रंगाचं मडकं आलं की पाणी द्यायच्या निमित्तानं आत जाई आणि हळूच सांगून बाहेर येई. यापायी तिला माहेरी दोन रात्रींपेक्षा जास्त कधी राहता आलं नाही. अक्कलकोटच्या पलीकडं तिचं माहेर, तिथं तिची आई जावयाच्या नावानं बोटं मोडी. "बायकू म्हंजे काय घरातलं जातं हाय व्हय, की जाग्यावरनं हलवायचंच न्हाय?"

सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात पुडीचे रंग आले.

मानसिंग म्हणून एक शस्त्रवाला होता. कट्यारी, तलवारी, शिकारीचे सुरे असा माल तो विके आणि त्यांची म्यानं बारा वर्षं शिवपुत्राकडून करून घेई. पोट सुटलेला, फेटा बांधणारा, मनानं बरा पण आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलला तर शेवटच्या घरातलं मूल जागं होई. त्यानं मुंबईहून परदेशी रंगाच्या पुड्या आणल्या. पाणी तापवा, पुडी सोडा, फडकं फिरवा, घटकाभरात काम खलास.

शिवपुत्रानं पुडी चाखली आणि त्याचा चेहरा उतरला. मानसिंगच्या सगळ्या पुड्या सारख्याच कडू होत्या. जिभेला काही धरायलाच नव्हतं.

मग त्यानं भाषण ठोकलं. लाख म्हणजे काय, बापजाद्यांची विद्या म्हणजे काय, परक्याची पुडी आपल्या देवाब्राह्मणासमोरच्या कट्यारीला लावायची म्हणजे काय! गल्ली ऐकून थक्क झाली. दोन वर्षं त्यानं हे भाषण गिऱ्हाइकांना ऐकवलं. पुण्याहून आलेल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी तर त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, की तुमच्यासारखी निष्ठावान माणसं आता उरली नाहीत. शिवपुत्रानं मान खाली घातली. त्याला विनय समजून गृहस्थ आणखीच भारावले.

मानसिंग मात्र भारावणाऱ्यातला नव्हता. त्या उन्हाळ्यात त्याला मोठं काम मिळालं. टेंभुर्णीकडच्या एका देशमुखांच्या घरी एकाच मांडवात पाच लग्नं होती, त्यांना पाच कट्यारींची म्यानं हवी होती लाल. शिवाय एका दर्ग्याच्या उरुसाला सात तलवारींची म्यानं हवी होती हिरवी. "पुडीचाच रंग पायजे, शिवपुत्र. देशमुखांना चमक पायजे," तो गरजला. "तुला जमत नसंल तर सांग. दुसरा बघतो. एकदा बघितला तर मग बघितलाच."

रुद्राणीनं तोड काढली. लाल पुडीच्या दोऱ्याला तिनं एक गाठ मारली, हिरव्या पुडीच्या दोऱ्याला दोन. आणि नेमकं त्याच संध्याकाळी तिचा भाऊ गाडी जुंपून दारात आला. आई अंथरुणाला खिळली होती. रुद्राणी गाडीत बसली, पण तिथूनही नवऱ्याकडं बघून एक बोट दाखवलं, मग दोन दाखवली. भावाला वाटलं, भाकरी किती थापायच्या ते सांगतेय.

म्यानं शिवून तयार होती. ती शिवली होती सिद्धप्पानं. सिद्धप्पा साठीचा म्हातारा. आधी मामाजवळ तीस वर्षं होता, मग भाच्याजवळ राहिला. लाकडाच्या पट्ट्यांवर बिनरंगी चामडं तो असं चढवी की टाका शोधूनही सापडू नये. एके काळी दारूपायी त्यानं घराची धूळधाण केली होती. सहा वर्षांपूर्वी गड्ड्याला, नंदीध्वजांसमोर, त्यानं ग्रामदैवत सिद्धरामाची शपथ घेतली आणि बाटली सोडली ती सोडलीच. तेव्हापासून गल्ली त्याला मान देई, दुरावलेली सून ताट वाढू लागली होती, आणि म्हाताऱ्यानं या जगात तेवढंच मिळवलेलं होतं.

शिवपुत्र दार लावून आत बसला. दोन मडक्यांत पाणी तापलं होतं. एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा. काम सोपं होतं. त्यानं दोन्ही पुड्या सोडल्या, दोरे आपापल्या मडक्यापुढं ठेवले आणि सवयीनं करंगळी बुडवून चाखली.

दोन गाठींचं मडकं आंबट लागलं.

किंचितच, पण आंबट. एक गाठवालं नुसतं कडू. शिवपुत्र विचारात पडला. हुळी म्हणजे लाल. तेहतीस वर्षं हुळी म्हणजेच लाल, या जिभेनं त्याला एकदाही फसवलं नव्हतं. रुद्राणी घाईत होती, आईची काळजी होती, तिची गाठ चुकू शकते. बाहेर चार पावलांवर सिद्धप्पा बसला होता. नुसतं दार उघडून 'काका, यातलं लाल कुठलं?' एवढं विचारायचं होतं. शिवपुत्र उठला, दार उघडलं, तोंडही उघडलं.

"काका," तो म्हणाला, "च्या घेनार का?"

"घीन की," सिद्धप्पा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "समदं बरं हाय न्हवं आत? मी यिऊ का मदतीला?"

"काय गरज न्हाय!" शिवपुत्र खेकसला आणि दार लावून घेतलं. चहा म्हाताऱ्याला शेवटपर्यंत मिळाला नाही. आत येऊन त्यानं आणखी एकदा चाखलं. गाठ चुकेल, जीभ चुकायची नाही, असं त्यानं ठरवलं आणि आंबट मडक्यात फडकं बुडवून पाच कट्यारींची म्यानं रंगवायला घेतली.

सोमवारी सकाळी मानसिंग माल न्यायला आला. शिवपुत्रानं बाराही म्यानं बाहेर आणून ओट्यावर मांडली. काम सुरेख झालं होतं. एक डाग नाही, एक ओघळ नाही. तो मागं सरून उभा राहिला आणि हसतमुखानं म्हणाला, "कशी काय उतरलीत, मालक?"

मानसिंगचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच बसला. शेजारची माणसं कामं टाकून उठली. शिवपुत्र एकाच्या तोंडाकडं बघे, मग दुसऱ्याच्या. काही तरी भयंकर झालंय एवढं त्याला कळत होतं, आणि काय झालंय ते ओट्यावर समोर पडलेलं असून दिसत नव्हतं.

"मस्करी करतो काय?" मानसिंगला अखेर कंठ फुटला. "नवरदेवाला हिरवं आन् पिराला लाल?"

"चुडा हिरवा चालतो, मग म्यान का चालू नये?" मागून कुणी तरी बोललं, आणि दोघं-तिघं हसले. मानसिंग फिरला तसे ते चूप झाले.

"माजी चूक," सिद्धप्पा म्हणाला.

तो जागचा उठला होता. हातातली आरी तशीच हातात होती. "शिवानं पुड्या बराबर ठिवल्या हुत्या. म्या बदलल्या. त्येला काय ठावं न्हाय."

मानसिंगनं त्याला खालवर बघितलं. "पिऊन आलतास?"

सिद्धप्पानं माणसांकडं बघितलं. सून घागर घेऊन दारात उभी होती. "व्हय," तो म्हणाला.

सुनेनं घागर खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. गल्लीत कुजबूज सुरू झाली. सहा वर्षं दम धरला आणि शेवटी शेपूट वाकडं ते वाकडंच, असं एकजण म्हणालासुद्धा. शिवपुत्राला फक्त गप्प बसायचं होतं. दोन दिवस बोलणी झाली असती, नवी म्यानं झाली असती, रुद्राणी परत आली असती, आणि मूठ झाकलेलीच राहिली असती. त्यानं गप्प बसून बघितलंही. दहा-बारा श्वास तो गप्प बसला, आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की राहवेना.

"काका प्यालेला न्हाय," तो म्हणाला. "सा वर्सांत थेंबाला शिवलेला न्हाय. तो आत आलाच नव्हता. म्या रंगवलं. मला लाल आन् हिरवं कळत न्हाय. कदीच कळलं न्हाय."

"कदीच म्हंजे?" मानसिंग म्हणाला. "बारा साल मी तुझं लाल इकतोय!"

"ते जिभेचं हाय, मालक. डोळ्याचं न्हाय."

मानसिंगचा विश्वास बसेना. त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवून शिवपुत्राच्या नाकासमोर धरला. "ह्यो कुठला? सांग!"

शिवपुत्रानं फेट्याकडं बराच वेळ बघितलं. "चाखू द्याल तर सांगतो," तो कळवळून म्हणाला.

मानसिंग हसायला लागला तो ओट्यावर बसूनच हसला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसला. गल्लीही हसली. शिवपुत्र मात्र हसला नाही. हसणं ओसरल्यावर मानसिंगनं फेटा पुन्हा बांधला आणि म्हणाला, "लगीन शुक्रवारी हाय. पाच म्यानं पुन्ना कर. लाखेत. मला ते आंबट लालच दे. पिराची हिरवी आन् फुडचं पुड्यांचं काम दुसऱ्याला देतो, ते तुझं न्हवं. आन् ह्या लाल तलवारी दसऱ्याला खपतील. खपवतो मी."

दुपारपर्यंत बातमी सात रस्त्याच्या चौकापर्यंत पोहोचली. एक लगामवाला येऊन आपलं चामडं परत घेऊन गेला, आणखी एकानं काम नको म्हणून निरोप धाडला. दोन दिवस पोरांनी शिवपुत्राला 'काका, आमची टोपी कुठल्या रंगाची?' असं विचारून जीव नको केला. सगळ्यात जास्त संतापले ते गल्लीतले कारागीर. "आरं, मग आमी का चाटत हुतो इतकी वर्सं?" असा त्यांचा सवाल होता. सिद्धप्पाच्या सुनेनं त्या रात्री सासऱ्याला गोड केलं, आणि तो ताटावर बसून रडला असं शेजारीण सांगते.

बुधवारी रुद्राणी आली. आईला उतार पडला होता. खोलीचं दार सताड उघडं, आत नवरा आणि सिद्धप्पा दोघं बसलेले बघून ती उंबऱ्यातच थबकली.

"समद्यांला कळलं," शिवपुत्र म्हणाला. झालेलं सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

रुद्राणीनं ते आंबट लागलेलं मडकं उचलून हुंगलं; ते लाखेचंच जुनं मडकं होतं, चिंच त्यात मुरलेली होती. मग ती म्हणाली, "म्हंजी म्या आता आठ-आठ दिस माहेरी ऱ्हाऊ शकते?" आणि पाणी तापवायला गेली. सिद्धप्पानं हसू मिशीत दाबलं.

दोघं पुन्हा कामाला लागले. सिद्धप्पा पाचवं म्यान शिवत होता, शिवपुत्र चौथ्यावर लाखेचं फडकं फिरवत होता.

"काका, तुमास्नी कवापास्नं ठावं हुतं?" शिवपुत्रानं विचारलं.

"तू आलास त्याच साली. मला सवय हुती की." म्हाताऱ्यानं दोरा दातानं तोडला. "तुज्या मामालाबी दिसत नव्हतं."

शिवपुत्रानं फडकं खाली ठेवलं.

"तीस वर्सं शेजारी बसलो. रंगवून झालं की कातडं माज्याफुडं धरायचा आन् उगाच पावसापान्याचं बोलायचा. म्या बघून हूं म्हनलं की न्यायचा, न्हाय म्हनलं की पुन्ना रंगवायचा. त्येनं कदी इचारलं न्हाय, म्या कदी सांगितलं न्हाय."

शिवपुत्राला ती जुनी खोली आठवली. डोळे मिटून बसलेलं सात वर्षांचं पोर, आणि समोर कडक मामा. उद्या याला कळेल आणि हा आपल्याला हाकलून देईल, या भीतीनं त्यानं कितीक रात्री उशीत तोंड खुपसलं होतं. त्याला मामाचा राग आला, मनापासून आला.

"मग मला का न्हाय बोलला? माज्यापाशी बोलाया काय झालं हुतं त्येला?"

"तू तरी त्येला कुटं बोल्लास?" सिद्धप्पा म्हणाला.

शिवपुत्रानं फडकं पुन्हा उचलून म्यानावर फिरवलं. मग उठून दारापाशी उजेडात गेला, म्यान म्हाताऱ्यासमोर धरलं, आणि चाळीस वर्षांत जे कुणालाही विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"काका, झालं का लाल?"

बाहेर दोघं-तिघं जात होते, त्यांना ते स्वच्छ ऐकू गेलं.

सिद्धप्पानं म्यान हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"अजून न्हाय," तो म्हणाला. "रंगाचा आनखी एक हात दे."